तुटलेला तुकडा पुसू नकोस

अगं, सगळ्यात आधी एवढं कर : तुझ्या सायकलच्या सीटखालची जी रेल तुटली, तिचा तुकडा फडक्याने पुसू नकोस. धूळ असेल, काळपट डाग असेल, गंजाचा ठिपका असेल, जसं आहे तसं राहू दे. दोन्ही तुकडे एकमेकांना लावून ‘कसे बसतात’ ते बघायचा मोहही आवर. तुटलेल्या कडा एकमेकींवर घासल्या की त्यांच्यावरच्या खुणा जातात, आणि वॉरंटीच्या दाव्यात तुझ्या बाजूने बोलणारा सगळ्यात भरवशाचा साक्षीदार म्हणजे त्या खुणाच. दोन तुकडे दोन वेगळ्या कोऱ्या कागदांत गुंडाळ, झिपच्या पिशव्यांत घाल, बुटांच्या खोक्यात येते ती सिलिकाची पुडी सोबत टाक. रेल पोलादी असेल तर आपल्या बंगळूरच्या पावसाळी हवेत तुटलेली बाजू बघता बघता गंजायला लागते. तेल, ग्रीस, फवाऱ्याचं वंगण, काहीही लावायचं नाही. आणि ‘वेल्डिंग मारून देतो, दोन मिनिटांचं काम’ असं कोणी म्हणालं तर त्याला नमस्कार करून घरी ये. वेल्डिंगची ठिणगी पडली की वॉरंटी तिथेच संपली, आणि अशा सीटवर बसून भरधाव बल्लारी रोडवर जाणं जिवाशी खेळ आहे.

आता दुसरं. ‘मॅडम, वापरलेल्या मालाला वॉरंटी नसते’ असं दुकानदाराने फोनवर सांगितलं आणि तू ‘बरं’ म्हणून फोन ठेवलास, ते मला पटलं नाही. वॉरंटी वापरायच्या वस्तूलाच असते. खोक्यात पडून राहिलेली सीट कधी तुटत नाही. तू तिच्यावर बसून येलहंका उपनगरातून मान्यता टेक पार्कला जा-ये केलीस, रविवारी नंदी हिल्सच्या पायथ्याकडे गेलीस. सीट ज्यासाठी घेतात त्यासाठीच वापरलीस. वॉरंटीतून वगळलेली असते ती झीज. ब्रेकचे रबर, चेन, टायर, गिअरच्या वायरी, हँडलची टेप ही झिजायचीच, त्यांच्यावर दावा लावू नये. सीटचं वरचं कापड घासून फाटलं तर तीही झीज. पण वर्षभराच्या आत सीटखालची धातूची रेल कट्‌कन तुटणं ही झीज नाही. ‘वापरलेला’ आणि ‘झिजलेला’ यांत फरक आहे, आणि तो दुकानाच्या काउंटरवर शांतपणे, आवाज न चढवता सांगता आला पाहिजे.

मी हे छातीठोकपणे सांगतो कारण माझी सगळी नोकरी तपासणी विभागात गेली. आपल्या घरापासून जवळच रेल्वेचा चाकांचा कारखाना आहे, तिथे. १९८४मध्ये सुरू झाला तेव्हा व्हील अँड अ‍ॅक्सल प्लँट म्हणायचे, आता रेल व्हील फॅक्टरी म्हणतात. रेल्वेतलंच बाद झालेलं लोखंड, जुनी चाकं, जुने अ‍ॅक्सल विजेच्या भट्टीत वितळवून तिथे नवी चाकं ओततात. प्रत्येक चाकावर क्रमांक ठोकलेला असतो. उद्या देशाच्या दुसऱ्या टोकाला ते चाक तडकलं तर त्या क्रमांकावरून ते कोणत्या ओतकामातलं, त्याच भट्टीतून त्याच दिवशी आणखी कोणती चाकं निघाली, हे शोधत जाता येतं. चाकात आत पोकळी किंवा चीर आहे का ते अल्ट्रासोनिकने बघायचं, वरची बारीक चीर चुंबकीय भुकटीने बघायची, कठीणपणा मोजायचा. हे काम करताना एक सवय अंगात भिनली : धातू तुटला की माणसांचं म्हणणं नंतर ऐकायचं, आधी तुटलेली बाजू बघायची.

तुझ्या सीटच्या रेलची ती बाजू खिडकीपाशी नेऊन, उजेड तिरका पडेल अशी धरून बघ. हात लावू नकोस, मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो घे. एका झटक्यात तुटलेल्या धातूची बाजू सगळीकडे सारखी खडबडीत आणि ताजी दिसते. हळूहळू तुटलेल्याची तशी नसते. तिच्यात एका कोपऱ्यात बारीकसा आरंभबिंदू असतो. तिथून पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा कमानी सरकत गेलेल्या दिसतात. हा भाग गुळगुळीत आणि मळकट असतो, कारण चीर आधीपासून होती आणि तिच्यात धूळ-ओलावा शिरत होता. उरलेला छोटा तुकडा शेवटच्या धक्क्याला तुटतो, तो मात्र ताजा आणि खडबडीत. याला आम्ही फटीग म्हणतो. असं दिसलं तर ‘तू खड्ड्यात आपटलीस म्हणून तुटली’ हे म्हणणं टिकत नाही. चीर आधीपासून वाढत होती.

पण इथे थांबून नीट विचार कर, कारण फटीग दिसली म्हणजे दोष कंपनीचाच असं होत नाही. चीर सुरू कुठे झाली ते महत्त्वाचं. ती रेलच्या वाकवलेल्या जागी, वेल्डिंगच्या टोकाशी किंवा पृष्ठभागावरच्या एखाद्या खळग्यापासून निघाली असेल तर बोट कारखान्याकडे जातं. सीटपोस्टच्या क्लँपचा दात जिथे रुतलाय तिथून निघाली असेल तर कंपनी म्हणेल, बोल्ट जास्त आवळला होता. म्हणून क्लँपच्या खुणांचाही फोटो घे. रेलवर पुढची आणि मागची मर्यादा दाखवणाऱ्या रेघा असतात, क्लँप त्यांच्या आतच बसवायचा असतो. क्लँपच्या घासल्याच्या खुणा त्या रेघांच्या आत असतील तर सीट बरोबर बसवली होती हे रेलच सांगते. आणखी एक बघ. धातूच्या रेल बहुतेक गोल, ७ मिलिमीटर जाडीच्या असतात. कार्बनच्या रेल अंडाकृती, सहसा ७ बाय ९. अंडाकृती रेल गोल खाचेच्या क्लँपमध्ये दाबून बसवली असेल तर दावा फेटाळला जाणार, आणि ते बरोबरही आहे. तुझी रेल गोल आहे, त्यामुळे ही अडचण नाही; पण पुढे कधी हलकी सीट घ्यायचा विचार केलास तर लक्षात ठेव.

बिलाचं सांगतो. आपल्याकडे बिल म्हणजे पाकिटात घडी करून ठेवायचा कागद, आणि महिन्याभराने बघावं तर कोरा. दुकानातली बिलं बहुतेक थर्मल कागदावर छापतात. उन्हाने, उष्णतेने आणि प्लॅस्टिकच्या पाकिटाला चिकटून अक्षरं उडतात. बिल हातात पडलं की तिथेच फोटो काढायचा, घरी येऊन झेरॉक्स काढून फाइलला लावायची. बिलावर नुसतं ‘सायकल पार्ट्स’ लिहिलेलं घेऊ नये. कंपनीचं नाव, मॉडेल आणि जमल्यास क्रमांक लिहून घ्यावा. ‘बिल कोडि’ एवढं कन्नड तुला येतंच. ‘बिलाशिवाय घ्या, थोडं कमी करून देतो’ असं कोणी म्हणालं तर ती सूट म्हणजे तुझी वॉरंटी विकत घेणं आहे. सांगितल्यावरही बिल न देणं हा २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार म्हणून नोंदलेला प्रकार आहे, तेव्हा मागताना संकोच करू नकोस.

खोकाही लगेच रद्दीत टाकू नकोस. आयात केलेल्या वस्तूच्या वेष्टनावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली असावी लागते. ती चिठ्ठी म्हणजे तुझा दावा भारतात कोणाच्या दारात जाणार त्याचा पत्ता. ओळखीच्या कोणी सिंगापूरहून किंवा दुबईहून आणलेल्या भागावर अशी चिठ्ठी नसते, आणि मग इथला वितरक ‘हा आमचा माल नाही’ म्हणतो. बहुतेक कंपन्यांच्या अटींप्रमाणे त्याला तसं म्हणता येतं.

भागावरचा क्रमांक किंवा तारखेचा कोड फोटोत घेऊन ठेवायचं कारण मोठं आहे. सप्टेंबर २०२३मध्ये सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानोने जगभर आपले क्रँक, म्हणजे पेडल जोडायच्या दांड्या, तपासायला मागवले होते, आठवतं? ड्युरा-एस आणि अल्टेग्रा मालिकेतले ११ स्पीडचे क्रँक, १ जून २०१२ ते ३० जून २०१९ या काळात बनलेले. दोन भाग चिकटवून पोकळ दांडी बनवलेली. काहींमध्ये तो चिकटवा सुटत होता. जगभरात सुमारे २८ लाख क्रँक, त्यांतले साडेसात लाखांहून जास्त अमेरिका-कॅनडात. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या सूचनेत साडेचार हजारांवर क्रँक सुटल्याची आणि सहा माणसं जखमी झाल्याची नोंद होती. त्यात कोणाचा क्रँक बदलायचा हे कशावर ठरलं? दांडीच्या आतल्या बाजूला कोरलेल्या दोन अक्षरांवर आणि दुकानातल्या तपासणीवर. वॉरंटीची मुदत केव्हाच उलटून गेलेल्यांनाही तपासणीत दोष निघाला तर क्रँक बदलून मिळाला. तुझ्या ऑफिसातल्या सायकलवाल्यांपैकी कोणाकडे त्या काळातला क्रँक असेल तर त्याला आजही ती अक्षरं बघायला सांग.

‘जास्त वापरलाय’ हा आरोप येणारच, त्याला उत्तर सायकलीवरच असतं. चेन बघ. चेनच्या लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे चोवीस कड्यांची लांबी नव्या चेनवर बारा इंच, ३०४.८ मिलिमीटर. चेन वापराने लांबते. अर्धा टक्का लांबली म्हणजे या बारा इंचांत दीड मिलिमीटर वाढले, आणि चांगले मेकॅनिक तेव्हाच बदलायला सांगतात. तुझी चेन मूळची आहे आणि अजून अर्धा टक्काही लांबलेली नाही, म्हणजे सायकल फार पळालेली नाही, हे कोणीही जाणकार मान्य करील. पोलादी पट्टी चेनवर धरून फोटो काढ. टायरच्या कडांना कारखान्यातून आलेले रबराचे बारीक केस अजून असतील तर त्यांचाही काढ. तू स्ट्राव्हा अ‍ॅपवर फेऱ्या नोंदवतेस. बिलाच्या तारखेपासूनचे एकूण किलोमीटर तिथे मिळतील. आकडा आहे तसाच दे. कमी करून सांगायची गरज नाही आणि सांगूही नये.

सर्व्हिसिंगच्या पावत्यांचंही तेच. बोल्ट टॉर्कच्या पान्याने आवळले का, हा प्रश्न क्रँक, हँडल, सीटपोस्ट सगळ्यांना विचारला जातो. त्या भागावरच न्यूटन-मीटरमध्ये आकडा छापलेला असतो. मेकॅनिककडून जॉबकार्डवर तेवढी एक ओळ लिहून घे, ‘सीट क्लँप, अमुक न्यूटन-मीटर’. आपल्या जुन्या येलहंक्यातले मेकॅनिक हाताने अगदी नेमकं आवळतात, त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे. पण हाताचा अंदाज कागदावर येत नाही आणि कंपनीचा माणूस कागद मागतो.

आता दावा कोणत्या दारातून न्यायचा ते ठरव, कारण इथे लोक महिनोन्‌महिने चुकीच्या दारात उभे राहतात. सीट सायकलीसोबतच आली असेल तर बहुतेक वेळा तिची वॉरंटी सायकलच्या कंपनीची असते, सीटवर नाव कोणाचंही असो. सीट वेगळी विकत घेतली असेल तर सीटच्या कंपनीची, आणि तीही जिथून घेतली त्या दुकानामार्फत. तू वेगळी घेतलीस, त्यामुळे रस्ता सरळ आहे : दुकान, वितरक, कंपनी. दुकानदार हा त्या साखळीतला पहिला माणूस. निर्णय तो घेत नाही, पण दावा पुढे पाठवायचा की नाही हे त्याच्या हातात असतं. त्याचं काम सोपं करून दिलंस तर तो आजच पाठवतो, अवघड करून ठेवलंस तर काउंटरखाली ठेवतो. वॉरंटीच्या बाबतीत मला कळलेली खरी गोष्ट हीच.

म्हणून शनिवार-रविवारी जाऊ नकोस. तेव्हा दुकानात गर्दी असते, सगळ्यांना नंदीला जायची घाई. मधल्या वारी, दुकान नुकतं उघडल्यावर जा. तुकडे पिशवीत, बिलाची झेरॉक्स आणि एक पान लिहिलेलं. त्या पानावर लांबलचक कहाणी नको. असं लिही : ‘अमुक तारखेला तुमच्याकडून अमुक मॉडेलची सीट घेतली. बिल जोडलं आहे. अमुक तारखेला सपाट रस्त्यावर बसलेली असताना डावी रेल तुटली. सायकल पडलेली नाही. सीट रेलवरच्या मर्यादेच्या आत बसवलेली होती. आतापर्यंत इतके किलोमीटर झाले. तुटलेल्या बाजूचे, क्लँपच्या खुणांचे आणि सीटवरच्या कोडचे फोटो जोडले आहेत. वॉरंटीप्रमाणे सीट बदलून मिळावी.’ हेच इंग्रजीत करून दुकानाला आणि वितरकाला ईमेलने पाठव. ‘किती मनस्ताप झाला’, ‘तुमची कंपनी कशी’, हे त्यात लिहू नकोस. राग खरा असतो, पण तो वाचणाऱ्याच्या उपयोगाचा नसतो.

दावा लगेच कर. तुटलेली वस्तू ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणत ठेवली की मुदत उलटते, आणि तुटल्यावरही वापरत राहिलात असा संशय येतो.

तुकडे हातातून सोडताना पोच घे. दुकानदार म्हणेल, ‘आपलंच दुकान आहे, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि.’ माणूस चांगला असेलही. तरी त्याच पानाच्या झेरॉक्सवर ‘दोन तुकडे मिळाले’, तारीख, सही आणि दुकानाचा शिक्का घे. भाग कुरिअरने चेन्नईला किंवा मुंबईला जातो, वाटेत हरवतो, वितरकाचा माणूस बदलतो. नंतर तुझ्याकडे फक्त ती सही असते. कुरिअरचा क्रमांक माग. आठ-दहा दिवसांनी एकदा विचार, रोज फोन करू नकोस. प्रत्येक फोननंतर त्याच ईमेलच्या धाग्यात दोन ओळी टाक : ‘आज बोलणं झालं त्याप्रमाणे भाग वितरकाकडे पोचला आहे.’ तोंडी बोलणं अशा रीतीने कागदावर येतं, आणि कोणाला टोचतही नाही.

काय मिळेल याचीही कल्पना असू दे. नवी सीट मिळेल, किंवा तेच मॉडेल बंद झालं असेल तर त्याच तोडीचं दुसरं. बसवण्याची मजुरी आणि पाठवणावळ बहुतेक अटींत धरलेली नसते. पैसे परत सहसा देत नाहीत, पण दुकानाच्या बिलावर माल परत घेण्याची मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, आणि काहीच लिहिलं नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं कायद्याने अनुचित आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी भिंतीवर असली तरीही.

कंपनीने ‘नाही’ म्हटलं तर कारण लेखी माग. नुसतं ‘युजर डॅमेज’ या दोन शब्दांवर गप्प बसू नकोस. कोणत्या खुणेवरून ठरवलं, ते फोटोसह विचार. पुष्कळदा हा प्रश्न गेला की फाइल पुन्हा उघडते, कारण पहिल्यांदा बघणाऱ्याने तुटलेली बाजू बघितलेलीच नसते. कारण खरं असेल, म्हणजे चीर खरंच क्लँपच्या दाताखालून निघाली असेल, तर ते मान्य कर आणि पुढच्या सीटला टॉर्कचा पाना वापर.

कारण पटणारं नसेल तर १९१५ला फोन लाव. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. हिंदी-इंग्रजीखेरीज मराठीत, कन्नडमध्येही बोलता येतं. तिथून तक्रार कंपनीकडे जाते. हे न्यायालय नाही, पण कितीतरी कंपन्या तिथवर गोष्ट गेली की मिटवतात. त्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग. तू राहतेस त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. ही २०१९च्या कायद्याची मोठी सोय आहे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागतोच असं नाही. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. आणि दोष तपासल्याशिवाय कळत नसेल तर आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो, ४५ दिवसांत अहवाल मागवू शकतो. लुधियानात सायकल आणि शिवणयंत्रांसाठी स्वतंत्र संशोधन केंद्रच आहे. म्हणून तर पहिल्या ओळीपासून सांगतोय, तुकडा पुसू नकोस. दोन वर्षांनी कोणी सूक्ष्मदर्शकाखाली धरला तरी त्याने खरं सांगितलं पाहिजे.

तुझ्या आईला हे सगळं नवं नाही. मुलुंडला असताना ती मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात होती. शेजारच्या घरांनी मिळून महिन्याचं सामान एकत्र मागवायचं, घरी वजन करून वाटून घ्यायचं. १९७५ सालची ही संस्था. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा देशात १९८६मध्ये आला, त्याच्या अकरा वर्षं आधीपासून मराठी मध्यमवर्गातली माणसं ‘वजन बरोबर द्या, भाव लिहून द्या’ म्हणायला शिकली होती. साबणाच्या वडीवर एमआरपी छापलेली आहे का हे तुझी आई आजही उलटून बघते. तेच वळण तुझ्या सीटला लाव.

आता एक गोष्ट अगदी मनापासून सांगतो. सायकल पडली असेल तर पडली म्हणून सांग. परवा तुझा मित्र म्हणत होता, ‘पडलो होतो, पण ते लिहायचं नाही, मग वॉरंटी मिळते.’ नाही मिळत. पडलेल्या सायकलीच्या हँडलच्या टोकाला खरचटलेलं असतं, पेडलची बाहेरची कड घासलेली असते, गिअरच्या लिव्हरवर ओरखडे असतात, रेल एका बाजूला वाकून तुटलेली असते. बघणाऱ्याला पहिल्या फोटोत कळतं. आणि एकदा खोटं पकडलं गेलं की त्याच दुकानातून पुढे येणाऱ्या खऱ्या दाव्यांकडेही वितरक संशयाने बघायला लागतो. ते नुकसान तुझ्या मित्राचं होत नाही, त्याच्यामागून येणाऱ्या एखाद्या डिलिव्हरीच्या पोराचं होतं, ज्याचं पोट त्या सायकलीवर आहे. शिवाय खरं सांगण्याचा फायदाही आहे : पडल्यामुळे तुटलेला भाग बऱ्याच कंपन्या सवलतीच्या दरात बदलून देतात. विचारलं तर मिळतं, न विचारता कोणी देत नाही.

त्या डिलिव्हरीच्या पोरांवरून आठवलं. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागू नाही असं त्यांना सांगून परत पाठवतात. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतःच्या मेहनतीने चालवायला घेतलेल्या वस्तूचा मालक कायद्याने ग्राहकच आहे. तुमच्या सोसायटीत येणाऱ्या पोरांपैकी कोणाची सायकल बिघडली तर हे त्याला सांग, आणि एक पान लिहून द्यायला मदत कर. तुला दहा मिनिटं लागतील.

जुन्या बाजारातून हलका वापरलेला भाग घ्यायचा असेल तर सावध. बहुतेक वॉरंट्या पहिल्या खरेदीदारापुरत्या असतात. ‘लाइफटाइम’ लिहिलेल्या फ्रेमचीही तीच गत. विकणारा मूळ बिल देत असेल तर घे, त्याने वस्तूचं वय कळतं. पण वॉरंटी आपोआप तुझ्या नावावर होईल असं समजून जास्त पैसे मोजू नकोस.

नवी सीट हातात आली की तिच्यासोबत बदलीचा कागद घे, जुन्या बिलाचा उल्लेख असलेला. कारण बदलून मिळालेल्या वस्तूला बहुतेक वेळा नवी मुदत मिळत नाही, जुनीच उरलेली चालू राहते, आणि ती कुठवर आहे हे त्या कागदावरूनच सिद्ध होतं. बसवायच्या आधी कोडचा फोटो काढ. रेलवरच्या रेघांच्या मधोमध क्लँप येईल असं बघ, सीटपोस्टवर छापलेल्या आकड्याइतकाच बोल्ट आवळ, पहिल्या मोठ्या फेरीनंतर पुन्हा एकदा तपास. उपनगरातल्या गतिरोधकांवरून जाताना सीटवरून जराशी उठ. रेलचं आणि तुझ्या कमरेचं, दोघांचं आयुष्य वाढतं. टॉर्कचा पाना माझ्याकडे आहे, डाव्या कपाटात खालच्या खणात. रविवारी येऊन घेऊन जा, आणि येताना ते दोन तुकडे दुकानात द्यायच्या आधी मला दाखव.